बलुते आणि हमी

वीजबिलाच्या कागदावर 'स्थिर आकार' नावाची एक ओळ असते. महिनाभर घराला कुलूप असले, एकही दिवा पेटला नसला, तरी ही ओळ कोरी राहत नाही. आमच्या गावात मुलाकडे पुण्यामुंबईला राहायला गेलेल्या म्हाताऱ्या माणसांची बरीच घरे आहेत. ती माणसे दिवाळीला परत आली, की उंबऱ्यात पडलेली बिले गोळा करून माझ्याकडे येतात आणि एकच प्रश्न विचारतात, "गुरुजी, जे जाळलं नाही त्याचे पैसे कशाचे?" मास्तरला सगळे कळते हा खेड्यातला समज अजून पुरता गेलेला नाही. वास्तविक माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि ज्या चार कादंबऱ्या मी लिहिल्या त्यांत विजेचा संबंध आला तो दिवे गेले एवढे सांगण्यापुरता. हा प्रश्न नुसता विजेचा असता तर मी गप्प बसलो असतो. पण जी वस्तू आपण वापरली नाही तिचे मोल कोणी आपल्याकडून मागावे काय, आणि मागावे तर कोणत्या अटीवर, हा न्यायाचा प्रश्न आहे. आणि त्यावर बोलायला पदवी लागत नाही.

लोकांना हा शुद्ध लुटीचा प्रकार वाटतो. मला तसे वाटत नाही, कारण आमच्या घराण्याची चूलच मुळी न वापरलेल्या वस्तूच्या मोलावर पेटत आली. माझे आजोबा गावचे सुतार, बलुतेदारांच्या थोरल्या ओळीतले. ज्या कुणब्याचा नांगर वर्षात एकदाही मोडला नाही त्याच्याही खळ्यावर आजोबा जात आणि आपल्या वाट्याच्या पेंढ्या, आपले दाणे हक्काने मागून घेत. तो मोबदला केवळ केलेल्या कामाचा नव्हता. ऐन पेरणीच्या तोंडावर औताचे लाकूड मोडले, तर हातात वाकस घेतलेला माणूस गावातच असेल, पोटासाठी दुसऱ्या गावी गेलेला नसेल, या खात्रीचा तो मोबदला होता. ज्याचे काम निघाले नाही तो मन मोठे करून देत होता असे नाही; त्याला ते द्यावेच लागे, आणि आपल्यावर अन्याय होतो आहे असे त्याला वाटत नसे.

बलुत्याचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. ज्या व्यवस्थेत सुताराला हक्क होता तिच्यातच महाराच्या वाट्याला रात्रंदिवसाची वेठ होती, आणि बाबासाहेब आंबेडकर महार वतनाविरुद्ध वर्षानुवर्षे झगडले ते ही वेठ मोडावी म्हणून. १९५८ च्या कायद्याने ती कनिष्ठ वतने गेली हे फार चांगले झाले. पण त्या व्यवस्थेत एक मेख होती. ती मला पुढे उपयोगी पडणार आहे, म्हणून तिची एवढी आठवण केली.

आता विजेकडे वळतो. धान्याचे कोठार भरून ठेवता येते. वीज मोठ्या प्रमाणावर साठवून ठेवणे अजूनही फार खर्चाचे आहे. ज्या क्षणी दिवा लागतो जवळजवळ त्याच क्षणी ती कुठे तरी तयार व्हावी लागते. संध्याकाळी सारा मुलूख एकदम दिवे लावतो. त्या घटकेसाठी जेवढी यंत्रे सज्ज ठेवावी लागतात त्यांतली कित्येक मध्यरात्री रिकामी बसून असतात. शिवाय मोठे वीजकेंद्र उभारायला चारपाच वर्षे सहज जातात. म्हणजे आज जो कोणी त्यात पैसा घालील त्याने पाच वर्षांनंतरच्या आणि त्यापुढच्या वीस वर्षांच्या गरजेवर पैज लावलेली असते. ही पैज कोणी लावायची आणि हरली तर कोणी भरायची, एवढाच गरीब देशांतल्या विजेचा प्रश्न आहे. श्रीमंताच्या घरी एक कंदील जास्त झाला तर तो खुंटीला लटकतो. गरिबाच्या घरचा जास्तीचा कंदील कर्जाने आणलेला असतो.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर या प्रश्नाला एक उत्तर देण्यात आले. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत असताना, १९४३ साली, वीजपुरवठ्याच्या धोरणाचा खल झाला. वीज स्वस्त आणि मुबलक हवी, तिच्यावाचून या देशात उद्योग वाढणार नाहीत आणि उद्योगावाचून दारिद्र्यातून सुटका नाही, अशी त्यांची भूमिका होती. १९४८ चा वीजपुरवठा कायदा आला, राज्याराज्यांत वीजमंडळे निघाली. आपले मंडळ १९६० चे. पैज सर्वांनी मिळून लावायची आणि हरली तर सर्वांनी मिळून सोसायची, असा त्याचा अर्थ. पुढे मंडळांचे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. तारांवर टाकलेले आकडे, निवडणुकीच्या तोंडावर माफ झालेली बिले, मीटर न वाचताच भरलेले रकाने. १९९१ साली देशाच्या तिजोरीत काही आठवड्यांच्या आयातीपुरतेच परकी चलन उरले, तेव्हा सरकारने वीजनिर्मितीचे दार खाजगी आणि परकी भांडवलाला उघडले. वर्षाकाठी भागभांडवलावर सोळा टक्के परतावा पदरात पडेल, असे दरांचे गणितच बांधून दिले.

इथे क्षणभर त्या परक्या सावकाराच्या जागी स्वतःला ठेवून पाहिले पाहिजे. कादंबरी लिहिणाऱ्याला ती सवय असते. वीजकेंद्र काही गाठोड्यात बांधून परत नेता येत नाही. एकदा समुद्रकाठी धुराडे रोवले, की मालकाची मान गिऱ्हाइकाच्या हातात. आणि गिऱ्हाईक एकच, तेही दिवाळखोरीच्या वाटेवरचे. अशा माणसाने हमी मागितली यात मला अस्वाभाविक काही दिसत नाही. किती मागितली आणि आपण ती कशी देऊन बसलो, यात खरी गोम आहे.

एन्रॉनचे नाव माझ्या पिढीने शाळेच्या बाकावर ऐकले. प्रकल्पाला दाभोळचे नाव मिळाले. पण दाभोळ वाशिष्ठीच्या उत्तर तीरावर आहे, आणि केंद्र उभे राहिले दक्षिण तीरावर, गुहागर तालुक्यात, अंजनवेल-वेलदूरकडे. जून १९९२ मध्ये कंपनीची माणसे आली आणि त्याच महिन्यात मंडळाशी प्राथमिक समझोता होऊन गेला. निविदा मागवल्या गेल्या नाहीत. एप्रिल १९९३ मध्ये जागतिक बँकेने, जी काही कामगार संघटना नव्हे, हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही असे कळवून पैसा द्यायचे नाकारले. तरीही ८ डिसेंबर १९९३ रोजी वीस वर्षांच्या वीजखरेदी करारावर सह्या झाल्या. कंपनीत एन्रॉनचा वाटा ८० टक्के, जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल यांचा दहादहा टक्के. दोन टप्प्यांत मिळून दोन हजार मेगावॅटच्या वर वीज.

केंद्र वीज द्यायला सज्ज आहे एवढे सिद्ध झाले की पैसे सुरू. मंडळाने ती घेतली की नाही हा मंडळाचा प्रश्न. हिशेब डॉलरशी बांधलेला, तेव्हा रुपया घसरला तर भुर्दंड गिऱ्हाइकाला. इंधन परदेशी, त्याचा भाव चढला तरी भुर्दंड गिऱ्हाइकालाच. मंडळाने पैसे थकवले तर राज्य सरकारची हमी, राज्याने थकवले तर दिल्लीची प्रतिहमी. तंटा झाला तर निवाडा लंडनला.

आमच्या गणिताच्या पुस्तकात 'भागीदारी' नावाचे प्रकरण आहे. अहमदने इतके रुपये घातले, सुरेशने तितके. नफा झाला तर कोणाला किती आणि तोटा झाला तर कोणाला किती, अशी त्यातली उदाहरणे. इतकी वर्षे मी ती फळ्यावर सोडवतो आहे. नफा अहमदला आणि तोटा सुरेशला, असे उदाहरण त्यात एकही नाही. तसे एखादे घातले तर पोरे हसतील. आणि सुरेश अजून दुधाचे दात पडायच्या वयाचा आहे, त्याच्या वतीने सही चुलत्याने करून टाकली आहे, असे सांगितले तर हसणार नाहीत, घाबरतील. करारावर सह्या झाल्या तेव्हा मी त्याच सुमाराच्या वर्गात होतो. वीस वर्षे तो चालला असता तर त्याचे हप्ते माझ्या पगारातून गेले असते.

आता ती मेख सांगतो. बलुते हा पिकातला वाटा होता. सुताराला दाणे मिळत ते खळ्यावर जे येईल त्यातून. १९७२ साली खळी मांडलीच गेली नाहीत, तेव्हा आजोबांनी कोणाच्या दारात जाऊन "माझी तयारी होती, माझे दाणे टाक" म्हटले नाही. म्हणून उपयोग नव्हता आणि त्यांच्या मनातही ते आले नसेल. ज्या कुणब्यांकडून ते पेंढ्या घेत त्यांच्याच शेजारी बसून त्यांनी दुष्काळी कामावर खडी फोडली, आणि घरी सर्वांसारखीच परदेशातून आलेली मिलोची भाकरी खाल्ली. तयारीचे मोल त्यांना मिळत होते. पण ज्यांच्याकडून ते मिळायचे त्यांच्या नशिबाशी त्यांचे नशीब बांधलेले होते. दाभोळच्या करारात दुष्काळाला जागा नव्हती. गिऱ्हाइकाच्या शेतात पिको न पिको, डॉलर मोजायचेच.

भांडवलाच्या बाजूने बोलणारे नफ्याचे जे समर्थन करतात ते मला मान्य आहे. माणूस आपला पैसा अनिश्चितात टाकतो, बुडण्याची तयारी ठेवतो, म्हणून तरला तर त्याला चार पैसे जास्त मिळावेत, हे रास्तच आहे. पण मग बुडण्याची भीती कराराने काढून घेतली, तर तेवढ्याच चढ्या नफ्याचे समर्थन कशाने करायचे? उरते ते व्याज, आणि व्याजाचा दर ठरवायची रीत वेगळी. शिवाय जोखीम करारातून काढली म्हणून जगातून नाहीशी होत नाही. ती मेजावरून घरंगळत जाते आणि ज्याला त्या मेजाशी खुर्ची नव्हती त्याच्या पायाशी जाऊन थांबते. तो माणूस घरगुती गिऱ्हाईक असतो, किंवा ज्याच्या तालुक्यातला दवाखाना पैशाअभावी रखडतो असा कोणी तरी, ज्याने या कराराचे नावही ऐकलेले नसते.

१९९५ साली कंपनीच्या एका उपाध्यक्षेने अमेरिकन प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे सांगितले, की लोकांना शिकवण्यावर आणि प्रकल्पाची घडण करण्यावरच, प्रत्यक्ष बांधकाम सोडून, दोन कोटी डॉलर खर्च झाले. त्यावरून इकडे लाचेचे आरोप झाले. त्यांत किती तथ्य होते यात मी शिरत नाही. मला तो 'शिक्षण' शब्द खुपला. ज्याला शिकवायचे त्याच्या अडाणीपणावर आपला नफा अवलंबून नसावा, ही या धंद्याची पहिली अट आहे. खरे शिक्षण केले ते दुसऱ्यांनी. पुण्याच्या 'प्रयास' या संस्थेतले गिरीश संत आणि त्यांचे सहकारी या करारातले आकडे मांडत बसले, आणि वीज म्हटली की तज्ज्ञांचे राखीव रान, ही समजूत त्यांनी मोडली. संत २०१२ साली अकाली गेले.

राजकारणाची हकीकत थोडक्यात उरकतो. ती वाचकांना पाठ असेल. १९९५ च्या निवडणुकीत प्रकल्प अरबी समुद्रात बुडवण्याची घोषणा झाली. नवे सरकार आले, ऑगस्टमध्ये करार रद्द झाला, आणि वर्ष संपायच्या आत तोच प्रकल्प वाटाघाटींतून पुन्हा वर आला. आधी ऐच्छिक असलेला दुसरा टप्पा आता बंधनकारक झाला. १९९६ च्या मे महिन्यात तेरा दिवस टिकलेल्या केंद्र सरकारने जाता जाता प्रतिहमीवर शिक्कामोर्तब केले. जूनच्या एका पहाटे, १९९७ साली, पोलीस वेलदूरच्या कोळ्यांच्या वस्तीत शिरले आणि त्यांनी बायकांना मारहाण केली. परदेशी मानवाधिकार संघटनांच्या अहवालांत ते नोंदलेले आहे. मे १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला. सह्या झाल्या तेव्हा डॉलरला एकतीस रुपयांच्या आसपास पडत, २००१ उजाडेपर्यंत शेहेचाळीसच्या वर गेले. मंडळ वीज कमी घेऊ लागले. पण सज्जतेचे मोल तेवढेच राहिल्यामुळे घेतलेल्या प्रत्येक युनिटचा भाव चढत गेला आणि २००० सालच्या एका महिन्यात तो सात रुपयांच्या वर पोचला. मे २००१ मध्ये केंद्र बंद पडले. डिसेंबरात खुद्द एन्रॉनने अमेरिकेत दिवाळे काढले.

हे आपल्याच वाट्याला आले असे समजण्याचे कारण नाही. फिलिपाइन्समध्ये १९९२-९३ साली मनिला शहर रोज आठआठ तास आणि त्याहून जास्त अंधारात असे. घाईघाईने खाजगी केंद्रांशी करार झाले, अंधार गेला, लोकांनी सरकारला दुवा दिला. १९९७ साली आशियात आर्थिक वादळ आले, कारखाने मंदावले, पेसो घसरला. आणि न घेतलेल्या विजेचे डॉलर घरोघरच्या बिलात एक नवी ओळ होऊन उतरले. इंडोनेशियात पायटनच्या कोळसा केंद्राचा करार १९९४ चा, तोही डॉलरमधला. तिथला रुपया एका वर्षात चौथ्या हिश्श्याहूनही खाली आला आणि सरकारी वीज कंपनीने हात वर केले. सही करणारे मूर्ख होते म्हणून हे झाले, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मनिलाच्या अंधारात बसलेल्या माणसाने मंत्र्याला "पाहिजे ती अट मान्य कर, पण दिवा लाव" असेच सांगितले असेल. गरजवंताला अक्कल नसते ही म्हण सावकाराच्या ओसरीवर जन्मली असावी.

आणि म्हणूनच एन्रॉन गेला म्हणून पेढे वाटणाऱ्यांबरोबर माझे जमत नाही. या भांडणात दहा वर्षे गेली. सरकारी औष्णिक केंद्रांत खापरखेड्याचा नवा संच २००१ साली आला, त्यानंतर परळीचा यायला २००७ साल उजाडले. मधल्या काळात गरज वाढतच होती. जो महाराष्ट्र २००० साली विजेला महाग म्हणून नको म्हणत होता त्याच महाराष्ट्रात २००५ पासून भारनियमन नावाचा शब्द लहान पोरांच्या तोंडी बसला. खेड्यांत बाराबारा तास वीज नसे. परीक्षेच्या दिवसांत आम्ही दहावीच्या मुलांना पहाटे चारला शाळेत बोलवत असू, कारण पाचच्या पुढे दिवे जात. शेतीपंपाला वीज मिळे ती बहुधा रात्री. दारे धरायला गेलेल्या माणसाचा पाय अंधारात कशावर पडेल याचा नेम नसे. आमच्या वर्गातल्या एका मुलाचे वडील असेच गेले. साप करारात नसतो आणि करार रद्द करणाऱ्या ठरावातही नसतो.

त्या अंधाराची वाटणी कशी झाली तेही पाहण्यासारखे आहे. ज्या भागात वीजगळती आणि थकबाकी जास्त, त्या भागाला जास्त तास अंधार, अशी अ, ब, क, ड करून प्रतवारी लागली. चोरीला आळा बसावा हा हेतू. पण वर्गात एकाने खोडी केली म्हणून साऱ्यांना उभे करणारा मास्तर जसा वागतो तसेच हे झाले. वेळेवर बिल भरणारी विधवा आणि तारेवर आकडा टाकणारा पुढारी एकाच फीडरवर, एकाच अंधारात. पुढाऱ्याच्या घरी जनरेटर. २००६ साली पुण्याने मात्र वेगळी तोड काढली. कारखान्यांनी आपले जनरेटर चालवून वीज मोकळी करायची आणि शहराने जादा आकार देऊन तो खर्च भरायचा. पुणे उजळले. तोड हुशारीची होती, तिला दोष देववत नाही. पण ज्याच्याजवळ जादा आकार नव्हता त्याच्या वाट्याचा अंधार कोणी विकत घेतला नाही.

तेव्हा त्या म्हाताऱ्या माणसांना मी सांगतो ते असे : स्थिर आकार द्यावा लागेल, कारण तुम्ही परत याल तेव्हा दिवा लागावा म्हणून कुठे तरी कोणी तरी यंत्र सज्ज ठेवले आहे. पण ते यंत्र किती मोठे आहे, त्याची गरज होती काय, तुमचे पीक बुडाले तर त्याचा मालकही काही सोसणार आहे काय, हे विचारण्याचा हक्क त्याच बिलाबरोबर तुम्हांला मिळालेला आहे. दाभोळच्या केंद्राचे पुढे सरकारी कंपन्यांनी २००५ साली नाव बदलले, २००६ साली ते चालू केले, २०१३ साली गॅस न मिळाल्याने ते पुन्हा थंडावले आणि २०१५ च्या अखेरीस त्यातली काही यंत्रे रेल्वेसाठी फिरू लागली. इकडे मधल्या काळात इतके नवे करार झाले होते, की राज्याजवळ कागदोपत्री वीज जास्त झाली आणि न घेतलेल्या विजेचे आकार पुन्हा बिलात उतरले. आता सूर्याच्या विजेचे करार पंचवीस वर्षांचे होतात. माझ्या पहिलीतल्या पोरी तेव्हा तिशीच्या पुढे असतील.

एक फरक मात्र झाला आहे आणि तो लहान नाही. १९९९ साली राज्यात वीज नियामक आयोग आला. दर वाढवायचे तर कंपनीला त्याच्यापुढे हिशेब मांडावा लागतो, आणि कोणालाही, तुम्हांआम्हांलाही, हरकत घेता येते. सुनावण्या मुंबईतच होतात असे नाही. नागपूर, अमरावती, नाशिक, पुणे इथेही झाल्या आहेत. सूचना वर्तमानपत्रात बारीक टायपात येते, अर्ध्या पानाची, आकड्यांनी गच्च भरलेली. गेल्या खेपेला मी ती कापून वर्गात लावली आणि सातवीच्या मुलांकडून त्यातली एक बेरीज करून घेतली. बेरीज जुळली. मग एका मुलीने विचारले, की यातली 'सज्जता' म्हणजे काय. तो तास त्यातच गेला. हरकत किती तारखेच्या आत आणि कोणत्या पत्त्यावर पाठवायची ते सूचनेच्या शेवटी छापलेले असते.